बोर्डो, पेरू, मिरी

शाळेत मराठीच्या पेपरात ‘खालील ओळींचे रसग्रहण करा’ असा प्रश्न यायचा आणि आम्ही सगळे ठरलेलं वाक्य लिहायचो : ‘कवीने येथे समर्पक प्रतिमा योजली आहे.’ का समर्पक, हे ना आम्हाला ठाऊक असे, ना तपासणाऱ्या बाई विचारत. रसग्रहण म्हणजे आधी रस तोंडात घेणं, हा सरळ अर्थ पन्नाशी उलटल्यावर नाशिकच्या एका लांबलचक टेबलाशी उभं असताना ध्यानात आला. ग्लासच्या तळाशी जेमतेम दोन घोट वाईन होती आणि एक पंचविशीतला मुलगा आम्हाला बजावत होता, ‘लगेच गिळू नका.’

हा मुलगा आमच्या एका दिवसाच्या सहलीचा गाईड. खालचं रसग्रहण वाईनपेक्षा त्याच्या बोलण्याचं आहे. वाईनवर लिहिणारे जाणकार आपल्याकडे आता बरेच झालेत. पहाटेपासून रात्रीपर्यंत हातात माईक धरून पंचवीस परक्या माणसांना एका पिकाची गोष्ट सांगत राहणं, या प्रकाराकडे मात्र कुणी कला म्हणून बघत नाही. कीर्तनकाराला आपण मान देतो, नाटकातल्या सूत्रधारावर प्रबंध लिहितो. गाईडला शंभराची नोट देऊन बसमधून उतरतो.

बस अंधेरीहून साडेपाचला निघते, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने घाटकोपर घेते आणि साडेसहाच्या सुमारास मुलुंडला येते. म्हणजे मी चढलो तेव्हा नांदी संपली होती. बोरिवलीचे दोन निवृत्त बँकवाले घोडबंदर रोडने थेट का नेत नाही, अंधेरीपर्यंत उलटं का यायला लावता, या मुद्द्यावर भांडून दमलेले होते. अंधेरीच्या ऑफिसातल्या चार मुली झोपल्या होत्या. घाटकोपरचं एक जैन कुटुंब होतं. मुलगा-सून हौसेने आलेली, आणि काका-काकू ‘घरी बसून काय करू’ म्हणून. मागच्या बाकावर मरोळची एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती आंटी सुनेबरोबर बसली होती, मांडीवर डबा. तिच्याकडे लक्ष ठेवा.

भिवंडी मागे पडल्यावर आमच्या गाईडने घसा साफ केला. पूर्वरंग नियमांचा होता : वाईन प्यायला महाराष्ट्रात २१ वर्षं पूर्ण लागतात, बसमध्ये बाटली उघडायची नाही, वगैरे. इथे त्याने एक सुरेख फिरकी घेतली. ज्या कायद्याखाली हे सगळं चालतं तो १९४९ चा असून त्याच्या नावातच दारूबंदी आहे, आणि त्याच राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाईनला अबकारी सवलत दिली, विंचूरला वाईन पार्क काढला. ‘आपलं सरकार एका हाताने बूच लावतं, एका हाताने काढतं,’ असं म्हणून तो थांबला. हशा आला. वाक्य घोटून घोटून गुळगुळीत झालेलं होतं, तरी थांबण्याची जागा अचूक होती. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर वाईन ही दारू की नाही असा वाद पेटला आणि निर्णय अंमलात न येता तसाच राहिला, हेही त्याने सांगितलं. बाजू कुणाचीच घेतली नाही. तेवढं शहाणपण धंद्यात लागतंच.

मग सुला वायनरीची गोष्ट. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर वाईनची द्राक्षं लावली, आईच्या सुलभा या नावावरून ‘सुला’ असं नाव ठेवलं, पहिली वाईन २००० साली निघाली. ही गोष्ट आता सत्यनारायणाच्या कथेसारखी झालीय; सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत. माझी तक्रार अशी की तिच्यातला रसाळ भाग गाळला जातो. वाईनच्या आधी त्याच जमिनीवर आंबा करून पाहिला होता, गुलाब, साग आणि खाण्याची द्राक्षंही करून पाहिली होती. यशस्वी माणसाच्या कथेत फसलेला गुलाब मला फार मोलाचा वाटतो. आणि श्यामराव चौगुल्यांनी त्याच्या बऱ्याच आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला ‘ओमर खय्याम’ नावाची फसफसती वाईन काढली होती, तिचाही उल्लेख नाही. गाईडच्या गोष्टीत पूर्वज नसतात. असो.

कसारा घाट यायच्या बेतात होता. लहानपणी पंचवटी एक्स्प्रेसने जाताना कसाऱ्याला गाडीला मागून इंजिन जोडायचे आणि आम्ही दचका बसायची वाट बघायचो. घाट चढून गेलं की हवा बदलते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून हिवाळ्यात रात्री गार, दिवसा ऊन. द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. हे सांगायला घाटासारखी दुसरी जागा नाही. पण जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पुरा झालाय, आणि आमची बस त्या पावणेआठ किलोमीटरच्या आसपासच्या बोगद्यात शिरली. बाहेर पडलो ते थेट इगतपुरीच्या उजेडात. संहितेतलं एक अख्खं कडवं बांधकाम खात्याने छाटलं. बोगद्यात मात्र तो गप्प राहिला. नाटकवाले म्हणतात तसा ‘ब्लॅकआउट’ त्याने वाया घालवला नाही. प्रकाश आल्यावर फक्त एवढंच म्हणाला, ‘आता गार लागेल, खिडकी उघडून बघा.’ घाटकोपरच्या काकांनी उघडली. लागलं.

आता दोष. नाश्त्याला चुलीवरची मिसळ होती. नाशिकला जाऊन मिसळ न खाणं हा अपराध आहे हे मला मान्य आहे, तिच्याबरोबरचा भाजका पापड आणि जिलबीही मान्य आहे. पण काळ्या मसाल्याची तर्री साडेनऊला जिभेवर आणि अकराला त्याच जिभेवर नाजूक पांढरी वाईन? तिखटाने जीभ चरचरत असताना फुलांचा वास शोधणं म्हणजे ढोल-ताशाच्या मिरवणुकीतून थेट ख्यालाच्या बैठकीला बसण्यासारखं. ज्याने हा क्रम ठरवला त्याला मिसळ कळते, वाईनही कळत असेल; मधला दीड तास कळत नाही.

दिवसाची पहिली खरी ओळ मला बागेत सापडली. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, तोडणी चालू. गाईडने ठरलेल्या जागी ठरलेलं बोलायला सुरुवात केली : ही शेनिन ब्लाँ, ही सॉव्हिन्यों ब्लाँ, ही शिराझ. मुली फोटो काढत होत्या. तेवढ्यात शेजारच्या शेताच्या बांधावर पडलेला एक प्लास्टिकचा पिंप त्याला दिसला. पिंपाला आतून-बाहेरून निळसर डाग होते. तो माईक खाली घेऊन म्हणाला, ‘हे बोर्डो. आमच्याकडं दिंडोरीला पण हेच. मला सातवीपर्यंत वाटायचं, बोर्डो हे औषधाचं नाव आहे. गाव आहे हे नंतर कळलं.’

मी वही काढली. असा तुकडा लिहून काढता येत नाही, तो सापडावा लागतो. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं बोर्डो मिश्रण नाशिकच्या प्रत्येक द्राक्षवाल्याच्या तोंडी आहे. ‘बोर्डो मारला का?’ हा पावसाळ्यात बांधावरून विचारायचा प्रश्न. फ्रान्समधल्या बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचा सडा मारत असत. पियेर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचल्या आहेत. त्यातून १८८५ साली या मिश्रणाची कृती प्रसिद्ध झाली. चोरांना भिववायचा निळा रंग रोगावर लागू पडला. केवडा म्हणजे आपले शेतकरी ज्याला ‘डाऊनी’ही म्हणतात तो रोग, पानाखाली पांढरी बुरशी धरते. त्याची बहीण भुरी.

म्हणजे बोर्डोची वाईन अंधेरीच्या हॉटेलात येण्याच्या पुष्कळ आधी बोर्डो हा शब्द फवारणीच्या पंपातून दिंडोरीच्या शिवारात येऊन मराठी झाला होता. गाईडने हे असं उलगडून सांगितलं नाही. त्याने पिंपाकडे बोट दाखवलं आणि पुढे गेला. उलगडायचा उद्योग माझ्यासारख्यांचा.

त्या ओळीनंतर तो खुलला. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, थंडी तिला झोपवते. इथे ती झोपतच नाही. मोकळी सोडली तर वर्षातून दोनदा फळेल आणि दोन्ही वेळा वाईट फळेल. म्हणून छाटणी दोनदा : एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून नुसत्या काड्या घ्यायच्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यातून घड. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरात होते तेव्हा आमच्याकडे कात्री नुकती धार लावून येते. ‘वेलीला आम्ही खोटा हिवाळा दाखवतो,’ तो म्हणाला. ही प्रतिमा समर्पक आहे. का ते आता मला सांगता येईल, पण पेपर तपासणाऱ्या बाई राहिल्या नाहीत.

टाक्यांची खोली, पिपांची खोली, बाटल्या भरायचं यंत्र हे सगळं दुसरीकडे, एका वेगळ्या वायनरीत बघितलं. तिथे त्यांचा स्वतःचा माणूस होता आणि त्याने लिटरांचे आकडे पाठ म्हटले. स्टीलच्या टाकीसमोर उभं राहून तिची क्षमता ऐकणं म्हणजे देवळात जाऊन विटा मोजणं. ओकची पिपं मात्र बघण्यासारखी होती. अंधार, गारवा, ओल्या लाकडाचा वास, २२५ लिटरचं एकेक पीप बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखं निवांत पडलेलं. आमचा गाईड मागे उभा होता. ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाचा, विषय निघाला तेव्हा त्याला राहवलं नाही. खायची द्राक्षं १८ च्या आसपास ब्रिक्सला उतरवतात, वाईनची २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात, म्हणजे तेवढे दिवस अवकाळी पावसाच्या टांगणीला. ‘शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.’ पाठांतरवाला ओशाळून हसला.

आणि मग टेबल. सुलाने चव घेण्याची पहिली खोली २००५ साली उघडली. लगेच न गिळण्याचं शिक्षण आपल्याला मिळू लागून उणीपुरी वीस वर्षं झाली आहेत. विधी ठरलेला : बघा, फिरवा, हुंगा, घोट घ्या, तोंडात घोळवा. बोरिवलीच्या एका गृहस्थांना बाटलीला बूच नाही, फिरकीचं झाकण आहे, याचं दुःख झालं. गाईड म्हणाला, ‘काका, तुमच्या घरी बूच काढायचं यंत्र आहे?’ नव्हतं. बुचातून कधीकधी कुबट वास उतरतो, झाकणात ती भीती नाही, हे खरं कारण त्याने नंतर दिलं. आधी विनोद, मग शास्त्र, क्रम बरोबर.

पहिली सॉव्हिन्यों ब्लाँ. त्याने ग्लास नाकाशी धरून छापील वर्णन सुरू केलं : पॅशनफ्रूट, गूजबेरी. मुलुंडच्या बाजारात पॅशनफ्रूट कोण विकतं? ‘गूजबेरी म्हणजे आपला आवळा,’ असं त्याने जोडलं आणि तिथे तो घसरला. विलायती गूजबेरी वेगळी, आवळा वेगळा. इंग्रजांनी आवळ्याला आपल्या फळाचं नाव दिलं, आता आपण ते उलट्या बाजूने वापरून वाईनीत आवळा शोधतो. अर्धं टेबल आवळा, आवळा म्हणून माना हलवू लागलं. तेव्हा वाईनला ओठही न लावणारे घाटकोपरचे काका, जे सुनेचा ग्लास नुसता हुंगत होते, म्हणाले, ‘आवळा नाही. हे तर जामफळ आहे!’

पेरू. पिकायला आलेला, फळीवर ठेवला की खोलीभर होतो तो वास. गाईडने पुन्हा हुंगलं आणि चेहरा उजळला. काका अगदी बरोबर होते. या वाईनीला तो वास देणारी गंधकाची जी संयुगं असतात ती पेरूतही सापडतात. आणि त्याच ग्लासात दुसरा एक हिरवट वास होता तो ढोबळी मिरचीचा, तोही नुसता भास नव्हे. एकच रसायन दोन्हीकडे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना जेवणाऱ्याचं उदाहरण घेतलं आहे, आणि तिथे हवा तो मन लावून जेवणारा रसिक. काका जेवलेही नाहीत. नुसत्या नाकाने त्यांनी त्या दिवसाचं पहिलं अस्सल रसग्रहण केलं.

मग शिराझ, दिंडोरीकडची. इथे गाईडने माईक बाजूला ठेवला. आवाज उतरला, आणि छापील यादी सोडून तो एकच शब्द बोलला : ‘मिरी.’ एवढंच. सगळे शोधू लागले. मला ती आधी मिळेना, मग मिळाली. रश्शात टाकायच्या आधी खलबत्त्यात एक घाव घातल्यावर येते तशी, ठसका न देणारी मिरी. यामागचं रोटंडोन नावाचं द्रव्य ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शिराझमध्ये ओळखलं. खऱ्या काळ्या मिरीतही तेच. गंमत अशी की साधारण पाचात एका माणसाला त्याचा वास येतच नाही. बोरिवलीच्या दोघा मित्रांपैकी एकाला आली, एकाला नाही, आणि घोडबंदरनंतर त्यांना भांडायला दुसरा विषय मिळाला. दोघेही खरे. काव्यातही असं होत असणार. आपण मात्र न कळणाऱ्याला अरसिक म्हणतो.

‘आणि जीभ कोरडी पडते ना, ते टॅनिन,’ गाईड सांगत होता. ‘सालीतनं, बियांतनं येतं. टॅनिन म्हणजे… म्हणजे एक प्रकारचं स्ट्रक्चर.’ माना हलल्या. कुणाला काही कळलेलं नव्हतं. मागून मरोळची आंटी म्हणाली, ‘तुरट बोल ना, बाबा.’

टेबल हसलं. तो खजील झाला आणि मग मनापासून हसला. इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना पंधरा मिनिटं स्ट्रक्चर! षड्रसांत कषाय म्हणून त्याला मानाचं पान आहे. कच्चं केळं, सुपारी, हिरडा, काजूचं बोंड, दाढी झाल्यावर गालावर फिरवायची तुरटी, सगळं एका घरातलं. खरं तर ही चव नव्हेच, तो स्पर्श आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जिभेचं वंगण जातं. ‘जीभ ओढते’ असं आंटी पुढे म्हणाली, ते शास्त्राला धरून आहे. इंग्रजी वाईनबोलीत ‘ड्राय’ शब्दाने घोळ होतो, कारण तो गोड नसलेल्याला वापरतात आणि ऐकणारा जीभ कोरडी पडण्याशी जोडतो. मराठीत अगोड वेगळं आणि तुरट वेगळं, घोळ होतच नाही. बसभर इंग्रजी-हिंदी-मराठीची खिचडी चालली होती, तिच्यात पहिल्यांदा मीठ पडलं. पुढच्या वायनरीत ऐकलं तर आमचा गाईड दुसऱ्याच एका गटातल्या बाईंना सांगत होता, ‘तुरट लागतंय बघा.’ श्रेय दिलं नाही. कलावंत असाच उचलतो.

शेवटी उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाईन दिली. मला तिच्यात आजीच्या फडताळातलं द्राक्षासव आठवलं. जेवणानंतर दोन चमचे, तितकंच पाणी घालून. त्यातही आंबवण्यातून आलेला मद्यार्क असतोच. दारूला शिवणार नाही म्हणणारी आजी ते औषध अगदी नेमाने घ्यायची आणि बाटली संपत आली की आजोबांवर संशय घ्यायची.

परतीला गाईड बोलला नाही, कुणाला नकोही होतं. बस पुन्हा बोगद्यात शिरली तेव्हा मी मागे आंटीच्या शेजारी जाऊन बसलो. तिने डबा उघडला. सकाळपासून मिसळीला हात न लावता तिने घरचंच खाल्लं होतं. जीभ शाबूत ठेवणारी गाडीत ती एकटीच. तिची सासू नाताळासाठी चिनी मातीच्या बरणीत वाईन घालायची. मनुकांची, कधी जांभळाची. वर फडकं, लाकडी डावाने रोज ढवळायचं, आणि ढवळणारा हात बदलायचा नाही. बारशाला खिमाड, तो दालचिनी-लवंग घालून गरम. अंधेरी-मरोळच्या गावठाणात हे सगळं चालू होतं तेव्हा नाशिकची द्राक्षं फक्त टोपलीत येत होती.

‘आणि ती जांभळाची कशी लागायची?’ मी विचारलं.

‘तुरट,’ ती म्हणाली. मग थोडा विचार करून, ‘पण पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी ठेवली तर गप होते.’

मुलुंडला उतरताना मी गाईडला हे वाक्य सांगितलं. त्याने मोबाईल काढला आणि लिहून घेतलं.